लॅमिनेट केलेलं लग्न

माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालेलं आहे, हे सिद्ध करायला मला साडेचार महिने लागले. लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं होऊन गेली होती आणि त्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करणारा इसम मीच होतो!

भावाचं नाव अरुण. तो, त्याची बायको रूथ आणि मुलगा जोएल गेली नऊ वर्षं आफ्रिकेत, मलावीतल्या एका लहान गावी राहतात. अरुण तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवतो आणि रविवारी उपदेश करतो. रूथ तिथल्याच दवाखान्यात परिचारिका आहे. थोडक्यात, ते मिशनरी आहेत. हे वाक्य डोंबिवलीत सांगणं सोपं नाही. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या झग्यातला, दाढीवाला गोरा माणूस उभा राहतो, आणि तो तिकडून इकडे येतो. शेजारच्या सावंतकाकींना मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्या गोंधळून म्हणाल्या, "अहो सर, पण तुम्ही तर नगरकडचे ना?"

"हो."

"मग अरुण मिशनरी कसा? ते लोक तिकडून इथे येतात ना?"

"आता इथलेही तिकडे जातात, काकी."

काकींनी थोडा विचार केला. "म्हणजे बदली झाली म्हणा की!" त्या दिवसापासून आमच्या इमारतीत अरुण बदलीवर आहे.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. आईबरोबर राहत होतो. मागच्या वर्षी मार्चमध्ये आई गेली. तेव्हा अरुणला येता आलं नाही, कारण तिघांचेही पासपोर्ट राहण्याच्या परवान्यासाठी तिथल्या कचेरीत जमा होते. कबरस्तानात सावंतकाकींनी फोन धरला होता. अरुणने आईचा अंत्यविधी पाहिला असं आम्ही म्हणतो. प्रत्यक्षात कॅमेरा उलट्या बाजूचा चालू होता आणि त्याने पाऊण तास सावंतकाकींचं कपाळ पाहिलं. त्याने मध्येच सांगितलं नाही. काकी रडत होत्या, म्हणून बोललो नाही, असं नंतर म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी त्याला शब्द दिला. आमच्यात वर्ष भरलं की कबरीपाशी प्रार्थना होते आणि दगड बसवतात. मी म्हटलं, "दगड तू आल्याशिवाय बसवणार नाही." तो फक्त "बरं दादा" म्हणाला. पण अरुणचं "बरं" मला लहानपणापासून ओळखता येतं.

गणपतीचे मंडप सुटत होते तेव्हा त्याचा फोन आला.

"दादा, एक कागद लागतोय. लग्नाचा दाखला."

"तुझ्याकडे झेरॉक्स आहे ना?"

"इतकी वर्षं झेरॉक्स चालली. आता नवे साहेब आलेत. ते म्हणतात, रूथ तुझी बायको आहे कशावरून? ओरिजिनल पाहिजे, आणि त्यावर आपल्याकडचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. जानेवारीअखेर इथे पोचला नाही तर परवाना नाही. आणि परवाना नसताना देश सोडला, तर परत इकडे येता येणार नाही."

"म्हणजे मार्चमध्ये..."

"म्हणजे मार्चमध्ये नाही, दादा."

"काळजी करू नकोस. दाखला आईच्या फायलीत आहे. चार दिवसांचं काम!"

(हे मी ग्रंथपाल म्हणून बोललो. कागद सापडला की काम झालं, असं मानण्यात माझी सगळी नोकरी सरली होती.)

आईच्या फायलीबद्दल थोडं सांगावं लागेल. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही तळमजल्यावर राहत असताना घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि कपाटातल्या कागदांचा लगदा झाला. बाबांची सगळी पत्रं त्यात गेली. आई एकदाच रडली. मग डोळे पुसून, जे काही वाचलं होतं ते घेऊन ती कोपऱ्यावरच्या भोईरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली, आणि पुढची वीस वर्षं जातच राहिली.

तिने जन्माचे दाखले लॅमिनेट केले. बाप्तिस्म्याचे दाखले, गुणपत्रिका, गॅसची कागदपत्रं, फ्रिजचं वॉरंटी कार्ड (फ्रिज भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली, कार्ड नवंकोरं आहे), नाताळच्या केकची कृती आणि अरुणने दुसरीत काढलेला हत्ती. भोईर म्हणायचा, "मास्तर, तुमच्या आयशीच्या भरवशावर मी दुसरी मशीन घेतली." मी या सवयीला हसत असे. एकदा मी तिला म्हटलं, "आई, हे प्लॅस्टिक आपण सगळे गेल्यावरही राहील."

"राहू दे की," ती म्हणाली. "तेवढ्याचसाठी करते."

लग्नाचा दाखला मला फायलीत दोन मिनिटांत सापडला. चकचकीत, कडक. तो घेऊन मी शिक्क्यासाठी ठाण्याच्या एका कचेरीत गेलो. खिडकीत कदममॅडम नावाच्या बाई होत्या. त्यांनी दाखला उचलला आणि उजेडाकडे धरला.

"हे काय आहे?"

"लग्नाचा दाखला."

"ते दिसतंय. हे वरचं काय?"

"लॅमिनेशन."

"मग मी शिक्का कशावर मारू?"

"यावरच."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे टेबलावरचा एक शिक्का उचलला, दाखल्याच्या कोपऱ्यावर उमटवला आणि अंगठा फिरवला. शिक्का गेला.

"बघितलंत? प्लॅस्टिक काढून आणा."

"काढता येतं?"

"ते मला काय माहीत! केलं कोणी हे?"

"आईने."

"मग आईंना सांगून ठेवा, सरकारी कागदाला असलं काही करायचं नसतं."

मी "सांगतो" म्हणालो. (खरं काय ते सांगायला मागे रांग फार होती.)

प्लॅस्टिक काढण्याच्या बाबतीत आमच्या इमारतीत एकमत झालं नाही. सावंतकाकी म्हणाल्या, केस वाळवायचं मशीन लावा. भोईर म्हणाला, "मास्तर, आपल्याकडं चिकटवायची मशीन हाय, सोडवायची नाय. तुमच्या आयशीनं कधी सोडवायला आणलाच नाय ना काय!" मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं. मी जुन्या ग्रंथांच्या जतनाची तीन दिवसांची कार्यशाळा केलेली आहे. तिचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. (आईने लॅमिनेट केलेलं.)

शास्त्र असं, की आधी गारठा द्यायचा आणि मग ऊब. दाखला दिवसभर फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्यांशेजारी ठेवला. मग टेबलावर घेऊन वर पातळ धोतर पसरलं आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. एका कोपऱ्यातून प्लॅस्टिक सुटू लागलं. मला फार आनंद झाला. मी "काकी, या, बघा!" म्हणून हाकही मारली. काकी आल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत प्लॅस्टिकचा वरचा थर सुटला. त्याच्याबरोबर कागदाचाही वरचा थर सुटला. दाखल्यावर वराचं नाव राहिलं, तारीख राहिली, साक्षीदाराची म्हणजे माझी सही तर ठसठशीत राहिली. वधू मात्र प्लॅस्टिकबरोबर गेली!

"मशीन लावा म्हटलेलं मी," काकी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी अरुणला व्हिडिओ कॉल केला आणि दाखला कॅमेऱ्यासमोर धरला.

"दादा, हे कुणाचं आहे?"

"तुझंच."

"मग रूथ कुठंय?"

मी दुसऱ्या हातातलं प्लॅस्टिक वर केलं. "ही काय इथे. फक्त उलटी दिसतेय."

मागून रूथचा आवाज आला, "भावोजी! एकवीस वर्षं संसार केला, आणि तुम्ही मला इस्त्रीने काढून टाकलंत?"

"टाकलं नाही गं. जपून ठेवलंय."

ती पोट धरून हसली. जोएलही हसला. अरुण हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, जानेवारीपर्यंत होईल ना?" मी हो म्हटलं, पण या वेळी दिवस सांगितले नाहीत.

आता दाखल्याची नक्कल काढायची, म्हणजे जिथे लग्न लागलं त्या कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये जायचं. तिथले पाळकसाहेब नवीनच आलेले, वयाने लहान, नियमाने पक्के. त्यांनी कपाट उघडलं आणि लग्नांची नोंदवही काढली. खरं तर आम्ही दोघांनी मिळून काढली, कारण ती एकट्याला उचलत नव्हती. आतलं प्रत्येक पान सुटं करून लॅमिनेट केलेलं होतं! वही मिटली की आपोआप उघडत होती आणि उघडली की घसरत होती.

"हे कुणी केलं असेल हो, काका?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"कल्पना नाही," मी म्हणालो. देवळात उभं राहून मी धडधडीत खोटं बोललो. त्यांनी पहिलं पान उलटलं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मंडळीच्या सेवेस सादर,' आणि खाली आईचं पूर्ण नाव. पाळकसाहेबांनी माझं आडनाव आठवलं. मग पुढचं पान उलटलं.

अरुण आणि रूथची नोंद जशीच्या तशी होती. पाळकसाहेबांनी नक्कल लिहिली, सही केली, आणि पेन घेऊन वहीकडे वळले. "नक्कल दिल्याची नोंद शेऱ्याच्या रकान्यात करायची. त्याशिवाय कागद देता येत नाही."

पेन चाललं नाही. दुसरं पेन चाललं नाही. शाईच्या पेनाने एक थेंब सोडला, तो प्लॅस्टिकवरून वाहत शेजारच्या जोडप्याकडे निघाला. तो मी रुमालाने टिपला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना होती की वैताग, कळलं नाही. पण डोळे उघडून ते थेट रविवारच्या शाळेच्या कपाटाकडे गेले आणि सीडीवर नावं लिहायचं मार्कर घेऊन आले. शेरा उमटला. आम्ही दोघांनी त्यावर फुंकर घातली.

निघताना ते म्हणाले, "काका, एक दाखवू?" त्यांनी खालच्या कप्प्यातून आणखी एक वही काढली. नंतरच्या वर्षांची. तोवर आईचे गुडघे दुखायला लागले होते आणि तिचं चर्चच्या कपाटाकडे जाणं थांबलं होतं. वही उघडली तर पानांची जाळी झालेली. वाळवी. "या वर्षांत लग्न झालेले लोक नक्कल मागायला येतात," ते म्हणाले, "आणि मी त्यांना ही दाखवतो."

मी पुन्हा आईच्या वहीकडे पाहिलं. प्रत्येक पानाचे चारही कोपरे तिने कात्रीने गोल कापले होते. चाळणाऱ्याच्या बोटाला लागू नये म्हणून. शेदीडशे पानं असतील. मी एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं. लागलं नाही.

नकलेवर वरिष्ठांची सही हवी होती आणि वरिष्ठ होते पनवेलला. मी कल्याणहून बस धरली आणि शीळफाट्याला अडकलो. अडकलो म्हणजे बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून चहा मागवला. मी नक्कल पुठ्ठ्याच्या फायलीत घालून मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या गृहस्थांना राहवेना.

"काका, काय एवढं सांभाळताय?"

"लग्नाचा दाखला."

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "तुमचा?"

"भावाचा. तो मिशनरी आहे, आफ्रिकेत."

त्यांनी फायलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मिशनरी ना? मग त्यांनी लग्न केलेलं चालतं?"

आता आमच्या पंथात पाळक लग्न करतात, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण वाचणाऱ्या माणसाचा हा दोष आहे. मी सोळाव्या शतकापासून सुरुवात केली. शीळफाटा सुटला तेव्हा आम्ही अठराव्यात होतो आणि गृहस्थ झोपले होते.

सही झाली. मी पुन्हा ठाण्याला गेलो. कदममॅडमनी नवा दाखला दोन बोटांनी चाचपून पाहिला. कागद होता. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

"आता मूळ नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स जोडा."

ती मी आणलीच होती. पण प्लॅस्टिकवर झेरॉक्स मशीनचा उजेड चमकला होता आणि जाडजूड पांढरा पट्टा बरोबर वधूच्या नावावरून गेला होता. रूथ दुसऱ्यांदा नाहीशी झाली होती!

"हे पांढरं काय?"

"लॅमिनेशन चमकतंय."

"वहीला पण? हेही आईंनीच?"

"हो."

"तुमच्या आईंना दुसरं काही काम नाही का हो?"

"सध्या तरी नाही," मी म्हणालो.

मग वहीच्या त्या पानाचा भोईरने चर्चच्या अंगणात, उन्हात, जमिनीवर पालथं पडून तिरक्या बाजूने फोटो काढला. ("तुमच्या आयशीचं काम हाय, नाय कसं बोलणार?") रूथ परत दिसू लागली. मॅडमनी ते मान्य केलं, पण तोवर जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला होता. "सहा आठवडे लागतील," त्या म्हणाल्या. "लवकर पाहिजे तर तातडीचं कारण लिहून द्या, पुराव्यासकट. उद्या या."

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला, कागद जानेवारी संपायच्या दोन दिवस आधी मलावीत पोचला, नव्या साहेबांची खात्री पटली आणि मार्चमध्ये तिघंही आले. सावंतकाकींनी जिन्यातच विचारलं, "काय रे अरुण, संपली का बदली?" वर्षाच्या दिवशी आम्ही दगड बसवला. या वेळी फोन कुणाला धरावा लागला नाही. अरुण कबरीपाशी बराच वेळ उभा होता. परत येताना त्याने विचारलं, "दादा, सहा आठवड्यांचं काम एका दिवसात कसं झालं?"

"मॅडमना दया आली," मी म्हणालो.

हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी माजिवड्याला बसमधून उतरून रिक्षा केली आणि कचेरी उघडताच खिडकीशी उभा राहिलो. मॅडम अर्ज वाचू लागल्या. कारणापाशी त्या थांबल्या. तिथे मी लिहिलं होतं, 'आईच्या निधनाचा वर्षविधी.'

"अहो, आई गेल्या?"

"मागच्या मार्चमध्ये."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? मी आपली काय काय बोलत होते त्यांना!" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मृत्यूचा दाखला आणलाय का? नुसता बघायचाय, शिक्का नको त्यावर."

"आणलाय," म्हणून मी तो खिडकीतून आत सरकवला. तो टेबलावरून सुळकन घसरत पार त्यांच्या हातापर्यंत गेला. कागद असा घसरत नाही.

मॅडमनी तो उचलला. वाकवून पाहिला. वाकला नाही. कोपरे गोल कापलेले होते. (तो दाखला हातात पडला त्याच दिवशी मी भोईरकडे गेलो होतो. कात्रीही त्याचीच.)

"हेही आईंनीच?" मॅडमनी विचारलं.

चार महिन्यांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

मॅडमनी दाखल्यावरचं नाव वाचलं. मग तारीख वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"फारच पुढचा विचार करणाऱ्या होत्या हो," त्या म्हणाल्या आणि अरुणच्या लग्नावर शिक्का मारला.